पातळ, विरळ आणि खराब झालेले केस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस कापताना, धुताना, सुकवताना समोरच्या आरशातून जे प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. यातले बहुतेक प्रश्न विचारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. विरळ केसांशी रोज सकाळी आरशात गाठ पडते, त्यामुळे त्याची काळजी वाटणं मला अगदी रास्त वाटतं. उत्तरांकडे वळण्याआधी एवढं लक्षात घ्या, की बारीक केस, विरळ होणारे केस आणि खराब झालेले केस ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं की पैसे जातात, आणि पुष्कळदा केसही जातात.

माझे केस यातल्या कुठल्या प्रकारात बसतात, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

गळलेला एक केस घ्या आणि अंगठा व तर्जनीमध्ये धरून फिरवा. बोटांना काही लागलंच नाही तर केस बारीक आहे. स्पष्ट जाणवला तर जाड. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग असते. बारीक केस उपजतच बारीक असतात आणि डोक्यावर त्यांची संख्या भरपूरही असू शकते. अशा केसांना काही झालेलं नसतं, फक्त ते चपटे बसतात.

विरळ म्हणजे संख्या कमी. डोक्यावर सरासरी एक लाखाच्या आसपास केस असतात, त्यामुळे थोडे कमी झाले तरी लगेच दिसत नाही. दिसतं ते हळूहळू: भांगाची रेघ रुंद होते, वरून उजेड पडला की टाळू चमकते, पूर्वी दोन वेढ्यांत बसणारा रबरबँड तिसरा वेढा मागतो. दर दोन महिन्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, भांगाचा फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून काहीच कळत नाही, फोटो शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

खराब केसांची खूण लांबीत आणि टोकांना असते. केस बोटांमधून टोकाकडून मुळाकडे हलकेच ओढा. थोडी खरखर सगळ्यांनाच लागते, पण बोट जागोजागी अडत असेल तर वरचं आवरण उचकटलेलं आहे.

आणि एक तपासणी जरूर करा. कंगव्यात आलेले दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात बघा. केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, पांढुरकी गाठ दिसली तर तो मुळापासून सुटला आहे. गाठ नसेल आणि केस आखूड असेल तर तो मधेच तुटला आहे. गळणं हा बहुतेक वेळा शरीराचा प्रश्न असतो, तुटणं हा आपण केसांना कसं वागवतो त्याचा. मी कोणालाही सल्ला देण्याआधी हा कागद मागते.

रोज किती केस गेले तर चालतात?

५० ते १०० हा आकडा त्वचारोगतज्ज्ञ सांगतात, आणि तो बरोबर आहे. पण मोजत बसू नका. तीन दिवसांनी केस धुतले तर तीन दिवसांचे सुटलेले केस एकदम हातात येतात आणि धडकी भरते. तुमचं नेहमीचं प्रमाण काय होतं आणि ते अचानक वाढलं का, एवढंच बघायचं.

प्रत्येक केसाचं एक चक्र असतं. तो साधारण दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर राहतो आणि शेवटी गळतो. त्या जागी नवा केस उगवायला सुरुवात होते. कोणत्याही वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात. गळणारा केस म्हणजे बहुतेक वेळा खालून नव्याने रेटलेला जुना केस.

केस खराब होतो म्हणजे त्याचं नक्की काय होतं?

केसाच्या बाहेरच्या बाजूला कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची आवरणं असतात, साधारण पाच ते दहा थरांची. आत केराटिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा गाभा असतो. ताकद, लवचिकता आणि रंग तिथे असतो. या कौलांवर निसर्गाने स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो, म्हणून निरोगी केसावरून पाणी ओघळतं. ब्लीच किंवा पक्का रंग लावला की हा लेप आधी जातो. मग केस पाणी शोषून फुगतो, सुकला की आक्रसतो, दर धुण्याला कौलं थोडी उचलली जातात, एकमेकांत अडकतात, मोडतात. कौलं उडाली की गाभा उघडा पडतो आणि टोकाला फाटे फुटतात.

बारीक केसात गाभाच मुळात कमी असतो, म्हणून तोच ड्रायर, तोच रंग त्याला जास्त जाचतो. तसंच खांद्याखाली आलेलं टोक हे दोन-अडीच वर्षांचं जुनं असतं. मुळाशी असलेला केस आणि टोकाचा केस यांना एकसारखं वागवणं म्हणजे कोरं कापड आणि विरलेलं कापड एकाच जोरात आपटण्यासारखं आहे.

खराब झालेला केस पुन्हा पहिल्यासारखा होतो का?

नाही. बाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे जखमेसारखा तो भरून येत नाही. बाटलीवर 'दुरुस्ती' असं लिहिलेलं असतं ते बहुतांशी डागडुजी या अर्थाने घ्यावं.

पण डागडुजीला मी कमी लेखत नाही. सिलिकॉन असलेलं सीरम उचकटलेल्या कौलांवर गुळगुळीत थर देतं आणि केस एकमेकांवर घासून तुटायचे थांबतात. प्रथिनाचे छोटे तुकडे असलेली उत्पादनं पोकळ झालेल्या केसाला तात्पुरता भरीवपणा देतात. ब्लीचने तुटलेले गाभ्यातले बंध काही प्रमाणात जोडण्याचा दावा करणारी उत्पादनंही आहेत आणि ब्लीच केलेल्या केसांना त्यांचा उपयोग होताना मी पाहिला आहे. फुटलेले फाटे मात्र कशानेही कायमचे चिकटत नाहीत. पुढच्या धुण्याला ते पुन्हा उघडतात.

मग सगळे केस कापूनच टाकू का?

गरज नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दर दोन-तीन महिन्यांनी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर काढत गेलात तर लांबी थोडी राखून खराब भाग हळूहळू निघून जातो. फाटा एकदा फुटला की तो वर सरकत जातो, म्हणून 'वाढू दे आधी, मग कापू' असं म्हणत वर्षभर थांबलात तर कापावं लागतं जास्त.

वारंवार कापल्याने किंवा डोकं भादरल्याने केस दाट येतात का?

येत नाहीत. केसाची जाडी त्वचेखालच्या केशकूपात ठरते, कात्रीला तिथली काही खबर नसते. नुकता कापलेला केस बोथट टोकामुळे हाताला राठ लागतो, एवढाच तो भास.

आठवड्यातून किती वेळा केस धुवावेत?

टाळू तेलकट झाली की. बारीक केसांवर तेल पटकन उतरतं आणि ते झिपऱ्यांसारखे चिकटतात, तेव्हा अशांना एक दिवसाआड धुणंही चालतं. कोरडे, कुरळे किंवा रंगवलेले केस आठवड्यातून एक-दोनदा पुरतात. धुतल्याने केस गळतात या भीतीने पंधरा-पंधरा दिवस डोकं न धुणारी माणसं मला भेटतात. धुताना हातात येणारे केस आधीच सुटलेले असतात. त्यांना थांबवून काही मिळत नाही, उलट कोंडा आणि खाज वाढते.

शाम्पू लावायची काही खास पद्धत आहे का?

आहे, आणि बहुतेकांची चुकते. शाम्पू टाळूसाठी आहे. तळहातावर घेऊन थोड्या पाण्यात फेसाळवा, मग बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, कानामागून आणि मानेपासून वर टाळूला चोळा. केस डोक्यावर गोळा करून कपडे चुबकल्यासारखे चोळू नका. फेस खाली ओघळतो तेवढ्यात लांबी स्वच्छ होते. पाणी कोमट असावं.

सौम्य शाम्पू निवडा, शक्य असेल तर पीएच (आम्ल-क्षार मोजायचा आकडा) ५.५ च्या आसपासचा किंवा त्याहून कमी. साबणाने केस धुऊ नका. साबण क्षारधर्मी असतो, त्याने कौलं उचलली जातात आणि केस राठ होतात. पाणी जड असेल तर साबणाची राखट साय केसांवर बसते ती वेगळीच.

कंडिशनर लावला की माझे केस आणखी चपटे पडतात. सोडून देऊ का?

सोडू नका, जागा बदला. खराब झालेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढलेला असतो आणि कंडिशनरमधले घटक धन भाराचे असतात, म्हणून जिथे नुकसान जास्त तिथे ते आपणहून जास्त चिकटतात. मुळांजवळच्या ताज्या केसाला त्यांची गरज नसते, तिथे ते नुसतं ओझं होतं. कानाच्या पातळीपासून खाली लावा, दोन मिनिटं थांबा, नीट धुवा. इतकं करूनही केस चपटे पडत असतील तर क्रम उलटा करून बघा: आधी लांबीला कंडिशनर, मग शाम्पू. फार बारीक केसांना हे चांगलं मानवतं.

तेल लावावं की लावू नये?

या प्रश्नावर माणसं अगदी हमरीतुमरीवर येतात. तेलाची दोन कामं वेगळी करून बघितली की वाद मिटतो.

केसाच्या लांबीसाठी तेल उपयोगी आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातून वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झालं. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरतो, त्यामुळे केस पाण्याने कमी फुगतो. म्हणून धुण्याआधी अर्धा-एक तास, फक्त मधल्या भागापासून टोकापर्यंत, हाताला जेमतेम लागेल इतकं तेल लावा. निथळेपर्यंत लावलंत तर ते काढायला दोनदा-तीनदा शाम्पू लागतो आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

तेलाने नवे केस उगवतात, हे मात्र मी सांगणार नाही. मालिशने बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर करा, पण हलक्या हाताने. टाळूवर तेलकट, पिवळसर कोंडा असेल तर तिथे तेल नकोच. कोंड्यामागची बुरशी त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवरच पोसली जाते.

ओले केस विंचरू नयेत म्हणतात. मग गुंता कसा काढायचा?

ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि एका मर्यादेपुढे ताणला की मूळ लांबीवर परत येत नाही. म्हणून सरळ केसांच्या लोकांनी थोडं सुकेपर्यंत थांबावं. कुरळ्या केसांचं उलटं असतं: ते सुके विंचरले तर तुटतात, म्हणून कंडिशनर लावलेले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने सोडवावेत.

पद्धत दोघांनाही एकच. डाव्या हाताने एक बट मधोमध घट्ट धरा, म्हणजे ओढ मुळाला लागणार नाही. कंगवा टोकापासून चार बोटं वर लावा आणि खाली आणा. मोकळं झालं की आणखी चार बोटं वर. गाठ लागली तर कंगवा बाजूला ठेवा, गाठीवर कंडिशनरचा थेंब चोळा आणि बोटांनी एकेक केस बाजूला करा. एकदा एक मुलगी माझ्याकडे मानेमागे मुठीएवढी जटा घेऊन आली, आजारपणात महिनाभर पडून होती. कापून टाका म्हणाली. दीड तास लागला, पण आम्ही दोघींनी मिळून बोटांनीच ती सोडवली आणि गेले ते केस आधीच सुटलेले होते.

टॉवेलने पुसण्याचं काय?

खसाखसा पुसू नका. जुना मऊ सुती कपडा घ्या, केस त्यात धरून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. जड टॉवेलचा फेटा तासभर डोक्यावर ठेवला तर कपाळाजवळचे केस ताणले जातात.

ड्रायर वापरणं वाईटच ना?

मलाही तसंच वाटायचं. पण २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केसांचे झुपके तीस वेळा धुऊन वेगवेगळ्या प्रकारे सुकवून बघितले. ड्रायर जवळ आणि गरम तेवढं पृष्ठभागाचं नुकसान जास्त, हे अपेक्षित होतं. पण नुसत्या हवेवर सुकवलेल्या केसांत खवल्यांना जोडणारा आतला थर बिघडलेला दिसला, बहुधा केस फार वेळ ओला आणि फुगलेला राहिल्यामुळे. सगळ्यांत बरी ठरलेली पद्धत होती १५ सेंटिमीटरवरून, ड्रायर सतत हलवत सुकवणं.

तेव्हा असं करा: पाणी टिपून घ्या, केस सत्तर-ऐंशी टक्के आपोआप सुकू द्या, मग ड्रायर वीतभर लांब धरून, मध्यम उष्णतेवर, एका जागी न थांबता फिरवा. तळहात केसांजवळ ठेवा. हाताला चटका लागला तर केसालाही लागतो आहे.

स्ट्रेटनर किंवा कर्लर किती तापमानावर वापरावा?

बारीक, रंगवलेल्या किंवा खराब केसांसाठी १५० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबा. २०० च्या पुढचे आकडे या केसांसाठी नाहीत. बटेवरून एकदाच, सावकाश फिरवा. कमी तापमानावर पाचदा फिरवण्यातही नुकसान आहेच. उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे आधी लावा आणि तो पूर्ण सुकू द्या.

ओल्या केसांवर स्ट्रेटनर कधीच नको. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते आणि केसात फुगे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस पावासारखा सच्छिद्र दिसतो आणि नेमका त्या जागी मोडतो. 'चर्र' असा आवाज आला की समजा केस अजून ओला होता.

केस दाट दिसावेत यासाठी कुठला कट घ्यावा?

विरळ आणि बारीक केसांना लांबी झेपत नाही. वजनाने ते टाळूला चिकटतात आणि खाली शेपटीसारखी निमुळती टोकं उरतात. हनुवटी ते खांदा यांच्या दरम्यानची लांबी आणि टोकाला सरळ, एका रेषेतली कापणी घ्या. ही एक रेष इतकी भरघोस दिसते की पहिल्यांदा तसा कट घेतलेली माणसं घरी जाईपर्यंत मानेला हात लावून बघत राहतात.

लेअर्स घ्यायचे तर मोजके आणि लांब. फार लेअर्स केले की खालचा झुपका आणखी विरळ होतो. रेझरने किंवा दातेरी कात्रीने 'हलके' करून घेऊ नका, हलके करायला मुळात काही नाही. कपाळ किंवा कानशिलाजवळ केस कमी असतील तर चेहऱ्यालगत एखादी मऊ, तिरकी बट सोडून घ्यावी.

पुरुषांच्या डोक्याच्या मध्यावर विरळपणा असेल तर बाजू बारीक ठेवा आणि वर थोडी लांबी ठेवा. बाजूचे केस वाढवून वरून ओढून आणल्याने विरळ जागेकडे लक्ष जास्त जातं.

रोजच्या रोज फुगीरपणा कसा आणायचा?

केस ओला झाला की त्याच्या आतले काही कच्चे बंध सुटतात आणि सुकताना तो ज्या आकारात असतो त्या आकारात ते पुन्हा जुळतात. सगळं सेटिंग याच एका गोष्टीवर चालतं. म्हणजे मुळं उभी असताना सुकली तर दिवसभर उभी राहतात, आणि दमट हवा लागली की पुन्हा बसतात.

म्हणून मूसचा लिंबाएवढा फेस ओलसर मुळांना लावा, मान खाली घालून मुळांपाशी सुकवा आणि शेवटी थंड हवा मारा. वेळ असेल तर डोक्याच्या वरच्या भागात तीन-चार मोठे रोलर लावून केस पूर्ण गार होईपर्यंत ठेवा. गरम असताना काढले तर श्रम वाया. सीरम आणि जेल मुळांपासून लांबच ठेवा.

बिनखर्चाचा उपाय भांगाचा आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी भांग असला की तिथले केस त्याच दिशेला झोपतात. तो दोन बोटं सरकवा किंवा नागमोडी काढा, मुळं लगेच उभी राहतात आणि रेघेतून डोकावणारी टाळूही झाकली जाते. ड्राय शाम्पू तेल शोषतो, तेवढ्यापुरते केस फुलतात, पण धुण्याला तो पर्याय नव्हे. टाळूवर भुरभुरायचे केराटिनचे तंतू किंवा केसांच्या रंगाची पावडरही वापरायला हरकत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

घट्ट वेणी किंवा अंबाड्याने केस खरंच जातात?

जातात. रोज त्याच जागी ओढ बसली की मुळं दुखावतात, आधी कानशिलं आणि कपाळाची कड विरळ होते. वेळीच सैल केलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मूळ कायमचं जातं. बांधल्यावर डोकं दुखत असेल, कडेला बारीक पुळ्या येत असतील तर तो इशारा आहे. कपड्याचं वेष्टन असलेला बँड वापरा, बांधायची जागा बदलत राहा, रात्री सैल वेणी घाला. जड एक्स्टेंशनचं ओझंही विरळ केसांच्या मुळांना सोसवत नाही. त्यापेक्षा क्लिपचा हलका टॉपर, म्हणजे डोक्यावर वरून बसवायचा केसांचा तुकडा, निवडा आणि झोपताना काढून ठेवा.

रंगवल्याने केस दाट दिसतात का? आणि स्मूदनिंग?

टाळूचा आणि केसांचा रंग यांतला फरक जितका कमी, तितका विरळपणा कमी दिसतो. म्हणून एखाद-दोन छटा उजळ रंग कामी येतो, आणि पक्क्या रंगाने केस किंचित फुगून जाडसरही लागतो. मात्र रंगाची प्रत्येक नवी बाटली वापरण्याआधी ४८ तास कानामागे किंवा कोपरापाशी चाचणी घ्या. पीपीडी या घटकाची ॲलर्जी आधी कधी नव्हती म्हणून आता होणार नाही असं नसतं. पुन्हा रंगवताना फक्त नव्या वाढीला लावा.

ब्लीचबद्दल मी कडक आहे. मी बावीस वर्षांची असताना एका ठिकाणी एकाच दिवशी माझे केस ब्लीच आणि लगेच स्ट्रेट केले गेले. आधी काय केलंय, हे कोणी विचारलं नाही. धुताना बट हातात लांबत गेली, लांबत गेली आणि ओल्या कागदासारखी सुटली. अडीच वर्षं लागली ते निघून जायला. म्हणून रासायनिक स्ट्रेटनिंग आणि ब्लीच एकाच केसावर नको. कोणी 'चालतं' म्हणालं तरी उठून या.

स्मूदनिंगसाठीच्या तथाकथित केराटिन ट्रीटमेंटमध्ये काही वेळा फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला मानवी कर्करोगकारक ठरवलं आहे. डोळे झोंबले, घसा खवखवला तर तिथून बाहेर पडा. आणि गुळगुळीत चपटे केस विरळ डोक्याला तसेही शोभत नाहीत.

बायोटिनच्या गोळ्या घेऊ का?

बायोटिन हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. त्याची कमतरता असेल तर घ्या, आणि ती क्वचितच असते. लोह, ड जीवनसत्त्व, थायरॉइड यांची तपासणी जास्त मोलाची आहे. पुरेशी प्रथिनं पोटात जाताहेत का तेही बघा. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर उलट केस गळतात. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही चाचण्यांचे निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता.

बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर मूठ-मूठ केस जाताहेत. टक्कल पडेल का?

बहुधा नाही. शरीराला मोठा धक्का बसला की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणून कारण आणि गळती यांचा संबंध चटकन लक्षात येत नाही. शस्त्रक्रिया, झपाट्याने वजन उतरवणं, अतिताण यांनीही हेच होतं. मूळ शाबूत असतं, साधारण सहा महिन्यांत गळती ओसरते, घनता परत यायला मात्र वर्षभर जाऊ शकतं. या काळात ब्लीच, स्ट्रेटनिंग, घट्ट बांधणं टाळा.

मिनॉक्सिडिलबद्दल काय सांगाल?

हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा लेप तयार झाला. अमेरिकेत १९८८ साली पुरुषांसाठी आणि १९९१ साली स्त्रियांसाठी तो मंजूर झाला. आनुवंशिक विरळपणावर तो काम करतो, पण परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, सुरुवातीला गळती वाढल्यासारखी वाटते आणि थांबवला की मिळालेले केस जातात. गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना वापरू नये. घरात मांजर असेल तर फार जपा, मांजरांना ते विषारी आहे. आपल्या मनाने सुरू करू नका, आधी निदान होऊ द्या.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

गोल, गुळगुळीत चकत्या पडल्या, टाळूला खाज, जळजळ, वेदना, पू किंवा खपल्या असतील, भुवयाही विरळ होत असतील, किंवा सहा महिन्यांनंतरही गळती थांबत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. टाळूवर केस गेलेल्या जागी छिद्रंच दिसेनाशी होऊन त्वचा चकाकत असेल तर अजिबात थांबू नका. काही आजारांत मुळाच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस येत नाही. आम्ही केस कापणारी माणसं हे ओळखू शकतो, त्यावर उपचार करणं आमचं काम नाही.

झोपताना आणि पोहताना काय काळजी घ्यावी?

ओल्या केसांनी झोपू नका. सॅटिनच्या उशीवर घर्षण कमी होतं, एवढाच तिचा फायदा. पोहण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावा. आधीच भरलेला केस क्लोरिनचं पाणी कमी शोषतो. बाहेर आल्यावर लगेच धुवा. विरळ भांगाला ऊन थेट लागतं, टोपी किंवा ओढणी घ्या.

भांगापाशी आणि कपाळावर आखूड केस उभे राहतात. ते तुटलेले आहेत की नवे?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर बहुतेक वेळा चांगलं असतं. काळे केस असतील तर मागे पांढरा कागद धरा आणि त्या आखूड केसाचं टोक बघा. टोक बोथट किंवा फाटलेलं असेल तर केस तुटलेला आहे. मग कंगवा, बँड आणि ड्रायर यांच्याकडे पुन्हा बघा. टोक सुईसारखं निमुळतं, मऊ असेल तर त्याला अजून कात्री लागलेलीच नाही, तो नवा आहे. अशा केसांना जेलने चापून बसवू नका, उपटू तर नकाच. मऊ टूथब्रशवर पाण्याचा थेंब घेऊन बाजूला वळवा. दोन-तीन महिन्यांत ते आपल्या वजनाने खाली बसतील.